मोगरा जगला तर

५ जानेवारी १९६७, गुरुवार

पुंडलिकानं आज जेवताना सांगितलं. जेवताना! म्हणजे आईच्या तोंडात घास असला की तिला ओरडता येत नाही, हे यानं लहानपणापासून हेरून ठेवलंय. पुढच्या अंगणात खोली बांधायची म्हणे. अणुवीज प्रकल्पाच्या कामावर बाहेरगावचे साहेब आलेत, ते तारापुरात खोल्या शोधत हिंडतात, जो तो भाड्यानं देतोय, मग आपणच का मागं राहायचं? मी म्हटलं, "बांध की. परसात बांध." तर म्हणाला, "परसात विहीर आहे, गोठा आहे. साहेबांना रस्त्याकडून दार पाहिजे."

रस्त्याकडे माझा मोगरा आहे. खिडकीखाली चार झुडपं. बटमोगरा, अस्सल, मण्यासारख्या गोल कळ्यांचा. लग्न होऊन मी केळव्याहून या घरात आले, तेव्हा वर्षभर माहेरची आठवण काढून रडत होते. हे शाळेत मास्तर. यांची शाळा सुटायच्या वेळेला माझे डोळे सुजलेले असायचे. हे बोलले काही नाहीत. एक दिवस कुठूनसा मोगरा घेऊन आले आणि खिडकीखाली लावला. म्हणाले, "आता याला पाणी घालायला तरी राहशील ना?" राहिले. ते जाऊन सहा वर्षं झाली, तरी राहिलेच आहे.

आणि आता चिरंजीव म्हणतात, "आई, झाडं काय, दुसरी आणू."

दुसरी आणू! उचलली जीभ लावली टाळ्याला. सूनबाई हंसा समोर आमटी वाढत होती. नवऱ्याला एका शब्दानं अडवलं नाही. मूग गिळून उभी. दोघांचं आधीच ठरलेलं असणार, दुसरं काय.

मी हात धुतला आणि दोघांनाही सांगून टाकलं. मोगरा मी स्वतः हलवीन. पाडव्यापर्यंत त्याला कळी आली तर मी या घरात. नाही आली तर पाडव्याच्या दिवशी माझा भाऊ दामू येईल आणि मी केळव्याला त्याच्याकडे कायमची जाईन. शीतळादेवीची शपथ घेतली. पुंडलिक हसला. हंसा नाही हसली. न हसून कुठं जाते? मनात हसली असेल.

दामूला पोस्टकार्ड टाकलं.

८ जानेवारी, रविवार

भिका गवंडी आला आणि दोरी लावून अंगण मोजायला लागला. मोजता मोजता मेला माझ्या मोगऱ्यातच उभा राहिला. मी म्हटलं, "भिका, पाय उचल." तर म्हणतो, "आजी, इथं काय ठेवायचं हाय? पाया इथनंच जायचा." मी म्हटलं, "पाया जाईल तेव्हा जाईल, तुझा पाय आत्ता काढ." हंसा खिडकीत तोंडाला पदर लावून उभी होती. माझी फजिती बघायला मिळाली की हिला बरं वाटतं.

११ जानेवारी, बुधवार

आज छाटणी केली. चारही झुडपं वीतभर ठेवली, बाकी सगळं उडवलं. इतकी वर्षं जपलेलं आपल्याच हातानं कापायचं म्हणजे काय ते ज्यानं कापलं त्यालाच ठाऊक. संध्याकाळी बुडांशी भरपूर पाणी सोडलं, म्हणजे उद्या मातीचा गड्डा फुटायचा नाही. प्रत्येक झुडपाच्या पूर्वेकडच्या फांदीला लाल दोरा बांधला. नव्या जागी लावताना दोरा पुन्हा पूर्वेलाच यायला हवा. झाडाचं तोंड फिरवलं की ते रुसतं, हे मला माझ्या बापानं शिकवलंय. केळव्याच्या वाडीत वाढलेली मी, मला झाडं कुणी शिकवायला नकोत.

पलीकडच्या तानीकडून मासळीचं खत आणवलं. दोन टोपल्या. तानी कोळीण डोक्यावरून टोपली उतरवत म्हणाली, "बाय, माड लावतीस काय? यवढा खत कशाला?" मी म्हटलं, "तुला विकायचंय ना? मग वीक." हिला कशाला पाहिजेत माझ्या परसातल्या चौकशा?

१२ जानेवारी, गुरुवार

कंबर मोडली, पण काम झालं.

विहिरीजवळ चार खड्डे भिकाच्या माणसाकडून खणून घेतले. खड्ड्यात काय घालायचं ते मात्र मी कुणाच्या हातात दिलं नाही. खाली मासळीचं खत, चांगलं हात बुडेल इतकं, आणि वर दोन ओंजळी जाडं मीठ. आमच्या वाडीत माड असाच लावत. मीठ पोटात गेल्याशिवाय रोप बाळसं धरत नाही.

हंसा गोणपाट धरायला आली होती. खड्ड्यात बघून म्हणते, "आई, हे खारं आहे हो. मोगऱ्याची मुळं जळतील. आमच्याकडे नुसतं जुनं शेणखत घालतात."

आमच्याकडे! हिच्या बापाची वाणगावला वाडी आहे, त्यात बांधाला मोगऱ्याची एक ओळ आहे, एवढ्या भांडवलावर ही मला शिकवणार. कानामागून आली आणि तिखट झाली. मी म्हटलं, "तुमच्याकडे वाल पिकतात, वाल. तू वालाबद्दल बोल." गोणपाट मात्र नीट धरलं, खोटं कशाला बोलू. एकाही झुडपाचा गड्डा फुटला नाही. दोरे पूर्वेला आले. वर झावळ्यांची सावली केली.

लावून झाल्यावर मी तिथंच विहिरीच्या कठड्यावर बसले. यांची फार आठवण आली.

२० जानेवारी, शुक्रवार

पुढे पाया खणून झाला. खिडकीतून आता मोगरा दिसत नाही, भिका दिसतो. हा कसला अदलाबदलीचा व्यवहार?

मोगऱ्याच्या काड्यांवर बारीक फुटवे आले होते, ते आज मान टाकून आहेत. हलवल्यावर झाड पहिले काही दिवस रुसतंच. पाणी वाढवलं आणि वरून आणखी थोडं खत दिलं.

२९ जानेवारी, रविवार

फुटवे काळे पडले. एकूणएक.

हे आपोआप होत नाही. मी दुपारी पाळत ठेवली. हंसा कपडे धुते ती विहिरीपासून चार हात लांब. साबणाचं, सोड्याचं पाणी कुठं जातं? उताराला जातं. उतार कुणीकडे? मोगऱ्याकडे नाही, गोठ्याकडे आहे, पण पाणी काय उतार विचारून वाहतं?

तिला बोलावून समोर उभी केली आणि विचारलं. म्हणाली, "मी नाही हो टाकलं, आई." डोळ्यांत पाणी. खरं असतं तर डोळ्यांत पाणी कशाला आलं असतं? पुंडलिक मधे पडला. "आई, तूच खत..." मी म्हटलं, "पूर्ण कर वाक्य. कर ना!" नाही केलं. चपला घालून बाहेर गेला. बायकोची बाजू घ्यायची तर धड घ्यावी तरी.

रात्री जेवले नाही. कुणी आग्रहही केला नाही. हंसानं ताट झाकून ठेवलं होतं, ते शेवटी मांजरानं खाल्लं.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

ट्रंक माळ्यावरून काढवली आणि पुसली. आतून लग्नातल्या डांबरगोळ्यांचा वास अजून येतो. खालच्या अंगाला दोन नऊवारी, यांचा फोटो, आणि पोथी ठेवली. ट्रंक मुद्दाम ओटीवर ठेवली, येता-जाता सगळ्यांना दिसेल अशी. पुंडलिक तिला ठेचकाळला. बरं झालं.

खरं सांगायचं तर केळव्याला जायच्या मला काही उकळ्या फुटत नाहीत. दामूची बायको बोलते फार. आणि तिथं माझं असं काय आहे? वाडी दामूची, माड दामूचे. पण शपथ घेतली ती घेतली. शब्द फिरवायला मी काय जीपमधून भोंगा लावून मतं मागत फिरणारी आहे? परवापासून त्या जीपगाड्या धुरळा उडवत जातायत, मोगऱ्याच्या पानांवर बसला असता धुरळा. पानं असती तर.

७ फेब्रुवारी, मंगळवार

हंसा माहेरी निघाली. आत्ता! बापाची तब्येत बरी नाही म्हणे. घरात गवंडी, परसात मोगरा मरायला टेकलेला, सासूची ट्रंक ओटीवर, आणि ही बोईसरहून गाडी पकडून वाणगावला चालली. निघताना पाया पडली. मी म्हटलं, "सावकाश ये. मी असेन तर भेटेन." चेहरा पांढरा पडला तिचा. मग मलाच कसंतरी झालं. पण शब्द गेला तो गेला.

काडी नखानं खरवडून पाहिली. आत हिरवं दिसलं नाही. एकाच झुडपाची पाहिली. बाकीच्यांची नाही पाहिली.

१२ फेब्रुवारी, रविवार

काल दामूच्या मुलीच्या साखरपुड्याला केळव्याला गेले ती आज दुपारी परतले. पुंडलिक मला बोईसरच्या गाडीपर्यंत पोचवायला आला होता. एरवी "आई, एकटी जाशील ना?" म्हणणारा, काल मला अगदी गाडीत बसवून, गाडी हलेपर्यंत उभा. आई जातेय याचा इतका आनंद!

परत येऊन बघते तर हंसा वाणगावहून आलेली. सोबत ही मोठी टोपली. वर वालाच्या शेंगा. मी म्हटलं, "एवढ्याशा शेंगांना एवढी टोपली?" तर म्हणाली, "खाली बाबांनी थोडं असंतसं दिलं होतं. काढून ठेवलं." बापाची तब्येत विचारली. "बरे आहेत," म्हणाली, आणि मग घाईघाईनं, "म्हणजे आता बरे आहेत." हिच्या नखांत माती भरलेली. सासरी झाडू मारताना हात दुखतात आणि माहेरी वाडीत राबते, वा रे वा! मी पुंडलिकाला तसं ऐकवलं. तो उठून बाहेर गेला. त्याच्याही पायजम्याला गुडघ्यावर चिखल होता. खोलीच्या कामात लागला असेल. आईच्या मोगऱ्यासाठी कधी गुडघा टेकला नाही.

१८ फेब्रुवारी, शनिवार

फुटला! फुटला! मोगरा फुटला!

चारही झुडपांना बारीक, तेलकट, हिरवेगार डोळे. मी ओरडले तशी हंसा आतून धावत आली, भाकरीचं पीठ हातालाच. मी म्हटलं, "बघ. काय म्हणत होतीस? मुळं जळतील? हे बघ मासळीच्या खताचे गुण." म्हणाली, "हो आई. तुमचा हात लागला." म्हणजे शेवटी कबूल केलंन. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते हिच्यासाठीच.

खोडं जरा बारीक वाटली. उन्हानं आटली असतील. दोरे मात्र सुरगाठीचे दिसले. मी निरगाठ मारली होती असं वाटत होतं. वय झालं, दुसरं काय. आणि माती कुणीतरी हलवल्यासारखी, पण कोंबड्या काय कमी आहेत तानीच्या?

दुपारी आनंदात पुन्हा एक टोपली मासळीचं खत आणवायला निघाले, तर हंसा दारातच आडवी. "आई, तुम्ही नका दमू. खताचं मी बघते. तुम्ही नुसतं सांगा." बरं, म्हटलं, कामाला तरी लागली.

ट्रंक अजून ओटीवरच आहे. कळी आल्याशिवाय हलायची नाही.

५ मार्च, रविवार

खोलीच्या भिंती उभ्या राहिल्या. भिकानं खिडकी वाकडी बसवली आहे, हे मी दाखवलं तेव्हा म्हणतो, "आजी, खिडकी सरळ हाय, तुमचा चश्मा वाकडा हाय." याला उद्यापासून चहा नाही.

झुडपं गुडघ्याएवढी झाली. पान थोडं लांबट वाटतं. पाणी जास्त होत असेल. रोज पहाटे मी उठायच्या आत विहिरीवर रहाटाचा आवाज येतो. कोण एवढं पाणी उपसतं कुणास ठाऊक. विचारलं तर हंसा म्हणाली, "मीच, कपड्यांना."

२६ मार्च, रविवार

धूळवड. पोरांनी रंगाच्या बादल्या परसात आणल्या. हंसानं पोरांना अशी काही पिटाळली की मीच बघत राहिले. एरवी तोंडातून शब्द फुटत नाही आणि आज मोगऱ्यासमोर दोन्ही हात पसरून उभी! "झाडावर एक थेंब उडाला तर याद राखा!" झाडं माझी आणि वाघीण ही. हसूच आलं. दाबलं.

८ एप्रिल, शनिवार

कळ्या आल्या.

सकाळी पाहिल्या. हात लावला, निरखल्या, आणि कठड्यावर बसले ती ऊन डोक्यावर येईपर्यंत बसले.

लांबट. टोकदार. बाणाच्या टोकासारख्या. हा मदनबाण आहे. बटमोगरा नाही. यांनी लावलेला नाही.

मी काय बोळ्यानं दूध पिते? पस्तीस वर्षं ज्या कळ्या ओवल्या त्या मला अंधारात हाताला कळतील! टोपली, नखांतली माती, गुडघ्यावरचा चिखल, सुरगाठीचे दोरे, बापाची तब्येत, सगळं एकदम उभं राहिलं. दोघांनी मिळून! मला केळव्याला पाठवून! पोटच्या पोरानं गाडीत बसवून दिलं आणि मागं माझ्या मोगऱ्याची अदलाबदल केली! तळपायाची आग मस्तकात गेली. हंसाला हाक मारायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात आठवलं, जुनी झाडं कुठं गेली?

गोठ्यात सापडली. वैरणीच्या मागं, स्वच्छ गोणपाटात गुंडाळून, वर दोरी बांधून ठेवलेली. चारही. चुलीत घालायला कुणाचा हात धजला नव्हता. मुळं काळी ठिक्कर, आणि त्यांच्यावर पांढरा खार फुटलेला. बोट लावून जिभेवर ठेवला. मीठ.

हल्लीचं मीठच कडक येतं. आणि तानीनं खत नीट धुतलेलं नसणार. तिला जाब विचारायला हवा. आज नाही, सवडीनं.

गोणपाट होतं तसं बांधून ठेवलं. खूप रडले. गाय बघत होती.

९ एप्रिल, रविवार

दिवसभर कुणाशी बोलले नाही. हंसा दोनदा विचारून गेली, "आई, बरं नाही का?" तिची नजर सारखी ट्रंकेकडे. संध्याकाळी म्हणाली, "आई, कळ्या पाहिल्यात?" म्हटलं, "पाहिल्या." बसू दे रात्रभर जिवाला घोर लावून. मला दोन महिने फसवलंय, एक रात्र तिनंही काढावी.

१० एप्रिल, पाडवा

गुढी उभारून होते न होते तोच दामू हजर. चिकूची पिशवी हातात, आणि ट्रंक न्यायला बाहेर टांगा थांबवून ठेवलेला. दामूचा जन्म वाडीत गेला. याला झाड डोळे मिटून ओळखता येतं. सरळ परसात गेला. मागोमाग पुंडलिक, त्याच्या मागं हंसा, तिच्या हातात नैवेद्याची वाटी तशीच.

दामू वाकला, कळी उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "आक्का, यो काय आपला बटमोगरा नाय. यो तर..."

"दामू," मी म्हटलं, "तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. पालघरला जाऊन दाखव."

"अगं पण कळी बघ ना, लांब..."

"जागा बदलली की कळी बदलते. मासळीच्या खतानं लांबते. तुला माहीत नाही. मोगरा जगलाय, टांगेवाल्याला परत पाठव."

दामू माझ्याकडे बघत राहिला. मग हंसाकडे बघितलं. मग त्याला काय कळलं ते कळलं. "चश्मा घ्यायला पायजे खरा," म्हणाला आणि टांगेवाल्याला सांगायला गेला. पुंडलिकाच्या तोंडात अख्खी गुढीवरची साखरेची माळ कोंबावी इतकं त्याचं तोंड उघडं होतं.

ट्रंक रिकामी केली. तिच्यात आता पापड ठेवायचे आहेत.

दुपारी कळ्या खुडल्या आणि ओवायला बसले. पहिला गजरा दरवर्षी देवीला, मग शेजारच्या बायकांना, उरलंसुरलं हंसाला. तिनं कधी मागितला नाही, मग मी कशाला पुढं होऊन देऊ? आज गजरा झाला आणि हाक मारली, "इकडे ये. अशी पाठ कर." ती उभीच. "ऐकू येत नाही का? वळ." तिच्या अंबाड्यात माळला. घट्ट बसेना. "केस आहेत की दोऱ्याचं बंडल?" म्हटलं. तर तिचे खांदे हलायला लागले. म्हटलं, "आता रडायला काय झालं? आकडा टोचला का?" ती मान हलवत राहिली. हो की नाही, काही कळेना.

राग येतो मला. लिहितानाही येतोय. पस्तीस वर्षांपूर्वी मला या घरात ठेवायला यांनी मोगरा लावला. आता मला ठेवायला दुसऱ्यांदा कुणीतरी मोगरा लावला, आणि तोही चोरून! असं कधी कुणी करतं का? तोंडानं सांगता येत नव्हतं, आई जाऊ नका म्हणून?

निजायच्या आधी हंसाला बोलावून बजावलं. मोगऱ्याला नुसतं जुनं शेणखत घाल, मासळीचं अजिबात नको आणि मीठ तर नकोच नको. मुळं जळतात. तिला कुठलं कळायला.